हौसाक्काचं पार्किंग

हौसाक्काला आम्ही खुर्चीत बसवून खाली आणलं. आमच्या लिफ्टमध्ये माणूस उभा मावतो, आडवा मावत नाही, आणि मेलेलं माणूस उभं राहत नाही. तालमीच्या पोरांनी आधी तिला चादरीत घालून जिन्यानं न्यायचं बघितलं. चौथ्या मजल्यावरून निघाले आणि पहिल्याच वळणाला अडकले. पुढची पोरं खाली गेली, मागची वर राहिली, आणि मधे ती भिंतीला घासली. मी ओरडले, "थांबा! पोतं न्हाई ते." मग त्यांच्यातलाच एकजण खाली पळाला आणि तिची स्वतःची खुर्ची घेऊन आला. पार्किंगमधली, निळी, हातांची. तिला तीत बसवलं, छातीला लुगड्यानं बांधलं, कपाळावरून टॉवेल घेऊन मागं गाठ मारली, तरी मान एका बाजूला जातच होती. तिचा मुलगा दिलीप दुपारी पुण्याहून येऊन पोचला होता. तो भिंतीला टेकून म्हणाला, "काकी, आईला असं... बसवून न्यायचं?" मी म्हटलं, "बसलेलीच बरी. आडवं पडायची तिला सवय न्हवती."

दोघं पुढं, दोघं मागं, असे चार मजले उतरलो. मी मागून चालत होते. वाटेत प्रत्येक मजल्यावर माणसं दारात उभी होती. कोणी हात जोडले, कोणी नुसतंच बघत राहिलं. एकही दार बंद नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा एकही दार उघडं नसायचं. आणि दुसरी गोष्टही मुद्दाम लिहिते. तो जिना एवढा अरुंद झाला तो हौसाक्कामुळं. बिल्डरमुळं नाही, आर्किटेक्टमुळं नाही. तिनंच तो घालवला होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ती असती तर म्हणाली असती, "खरं बोल की, घाबरतीस कुणाला?"

तिला जाऊन आता दीड महिना झाला. नात म्हणाली, वर्तमानपत्राच्या पुरवणीत असं लिहिलेलं छापतात, तू लिही. मी चौथी शिकलेली. शुद्धलेखन नातीनं बघितलंय, मजकूर माझा आहे.

मंगळवार पेठेतली आमची गल्ली म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन रांगा आणि मधे दोन माणसं नि एक सायकल जाईल एवढी वाट. कौलारू घरं, प्रत्येक दाराला दगडी कट्टा, टोकाला नळ, आणि नळाच्या पलीकडं सगळ्यांचे मिळून संडास. मी लग्न होऊन आले तेव्हा समोरच्या कट्ट्यावर एक बाई मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मी दारात येऊन उभी राहिले तशी तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कुठली गं तू?" मी म्हटलं, "गारगोटीची." ती म्हणाली, "मी मुरगूडची. तुझ्या सासूला तोंड हाय, मला बी हाय. तुला न्हाई वाटतं?" मी म्हटलं, "हाय की." "मग बरं झालं," ती म्हणाली, "ये, देठं काढ." आमची ओळख झाली ती एवढीच. त्यानंतर पन्नास वर्षं आमची दारं समोरासमोर होती. तिच्याकडं फोडणीला काय पडलं ते मला नाकानं कळायचं, आणि माझ्याकडं कोण रडलं ते तिला कानानं. तिचा नवरा शिरोलीला फाउंड्रीत कामाला होता. तो लवकर गेला. तिनं खानावळीत भाकऱ्या थापून दिलीपला शिकवलं आणि त्याबद्दल कधी कुणापुढं रडगाणं गायलं नाही. भाकरी मात्र कुणाचीही असो, नाव ठेवल्याशिवाय खाल्ली नाही.

उन्हाळा आला की गल्लीत चटणीचं काम निघायचं. कांदा-लसणाची तिखट चटणी, वर्षाची एकदम. प्रत्येक घरचं वेगळं, पण काम सगळ्यांचं मिळून. एका कट्ट्यावर देठं खुडायची, दुसऱ्या कट्ट्यावर खोबरं किसायचं, वाटेत चूल मांडून मिरच्या भाजायच्या. खकाणा उठला की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस खोकायचा. नवरे शिव्या देत बाहेर पळायचे, पोरं हसत पळायची, आणि बायका पदर नाकाला लावून तिथंच बसायच्या, कारण भाजताना हात थांबला की मिरची करपते. वर्षभर जिच्याशी अबोला धरलाय तिच्याशीही त्या दिवशी बोलावं लागायचं. निदान "उलथनं दे" एवढं तरी.

गल्ली सोन्याची होती असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात कौलं गळायची. कुणाचा नवरा बायकोला मारायचा ते सगळ्यांना ऐकू यायचं, आणि ऐकू येऊनही सगळे आपापल्या घरात बसायचे. हौसाक्का तेवढी जाऊन दाराला लाथ मारायची. अंधार पडल्यावर संडासला जायचं म्हणजे कंदील नाहीतर सोबत, नाहीतर सकाळपर्यंत दम धरायचा. त्यात बायकांची आयुष्यं गेली. एक गोष्ट मात्र होती. सकाळी नळावर एखादी दिसली नाही की कोणीतरी तिचं दार वाजवायचं. ते प्रेमानं असायचं असं नाही. तिची घागर रांगेत मधेच अडकून पडलेली असायची, म्हणून वाजवायचं. पण वाजायचं.

बिल्डर आला तेव्हा सगळ्यात आधी हो म्हणाली ती हौसाक्का. पुरुष मंडळी कागद वाचत बसली होती, ही म्हणाली, "घरात संडास देणार न्हवं? मग कुठं सही करू?" तालमीच्या हॉलमध्ये सगळ्यांची बैठक झाली. आर्किटेक्ट तरुण होता. आमच्याशी नीट बोलत होता, आणि आम्हाला कळेल अशा शब्दांत बोलत होता. त्यानं भिंतीवर नकाशा लावला. म्हणाला, प्रत्येक मजल्यावर जिन्यापुढं मोकळी जागा सोडतो, दहा माणसं बसतील एवढी. तुमचे कट्टे जाणार, कारण खाली पार्किंग करावंच लागतं, म्हणून वर हे चौक करू. जिना रुंद होईल, लिफ्टही मोठी बसेल. पण ती जागा तुमच्याच घरांतून जाईल. ती नको असेल तर प्रत्येकाचं स्वयंपाकघर तेवढं मोठं करता येईल. तुम्ही ठरवा.

मग हौसाक्का उठली. पदर कमरेला खोचलेला, आवाज नळावरचा. "जिन्यात काय संसार थाटायचाय व्हय आमास्नी? जिना चढा-उतरायला असतोय. जन्मभर वाटंवर बसून काढला, आता वाईच आत बसू द्या की. सैपाकघर मोठं द्या." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आर्किटेक्ट म्हणाला, "आजी, एकदा विचार करून सांगा." "केला विचार." "घरी जाऊन करा." "घरीच करून आलोय आमी, तुज्यागत कागदावर न्हाई करत." पुन्हा टाळ्या. त्यानं नकाशा गुंडाळला, आणि दुसऱ्या नकाशात चौक नव्हते.

बांधकाम होईपर्यंत आम्ही शहरभर भाड्याच्या खोल्यांत विखुरलो. काहीजणी तिकडंच वारल्या. काहींच्या मुलांनी फ्लॅट परस्पर विकून उपनगरात बंगले बांधले. उरलो ते परत आलो. गल्लीचं नाव गेलं आणि कमानीवर काहीतरी हाइट्स असं आलं. फ्लॅट कुणाला कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. हौसाक्का चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. पन्नास वर्षांची समोरासमोरची दारं एका चिठ्ठीत वर-खाली झाली, आणि आम्हाला त्या दिवशी त्याचं काहीच वाटलं नाही. आम्ही संडास बघत होतो. हौसाक्कानं पांढऱ्या फरशीचा तो संडास दिवसातनं दोनदा घासला. कोण पाहुणा आला की आधी तिकडं नेऊन दाखवायची, मग पाणी द्यायची. स्वयंपाकघरात तर चार बायका फेर धरून नाचतील एवढी जागा. पण चार बायका येणार कुठून?

दारं बंद झाली. मुद्दाम कुणी केली नाहीत. फ्लॅटचं दार उघडं ठेवून बसलं तर समोर काय दिसतं? समोरचं बंद दार. मग माणूस आपलंही लावून घेतो. खाली गाड्या, वर आपण, मधे लिफ्ट. लिफ्टमध्ये दोघं भेटले तर दोघं आकड्याकडं बघतात. सहा-आठ महिने असे गेले.

मग गणपाआबा पडला. हा आमच्या गल्लीतलाच, बायको गेलेली, तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा. न्हाणीत घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. दारावर पिशवीत दूध लटकत होतं. दुसऱ्या दिवशीचंही दूध त्याच पिशवीत येऊन पडलं. दूधवाल्याला वाटलं गावाला गेला असेल. आम्ही सगळे लिफ्टनं वर-खाली करत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली म्हणून हौसाक्का जिन्यानं चढत होती. तिला ती पिशवी दिसली. तालमीच्या पोरांनी दार फोडलं. आबा जिवंत होता. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली होती, पण जिवंत होता. हौसाक्काला बघून पहिलं काय म्हणाला असेल तर, "हौसे, लिफ्टचा आवाज येत हुता गं... सारखा येत हुता."

त्याची लेक त्याला चंदगडला घेऊन गेली. त्या रात्री हौसाक्का माझ्याकडं आली. चहा दिला तो तसाच ठेवला. म्हणाली, "मालन, जिना मी घालवला." मी म्हटलं, "आमी बी टाळ्या वाजवल्या की." "तुमी टाळ्या वाजवल्या. बोलले मी." आणि एकदम उठली. मला वाटलं रडायला घरी चालली. ती म्हणाली, "रडून जिना रुंद हुतोय व्हय? बघते काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून निळी खुर्ची आणली आणि पार्किंगमध्ये तिच्या फ्लॅटला मिळालेल्या जागेत, पिवळ्या पट्ट्यांच्या बरोबर मधे मांडली. प्रत्येक फ्लॅटला एका गाडीची जागा होती. हिच्याकडं गाडी नव्हती. तिची जागा अशी होती की तिथून गेट, लिफ्ट आणि जिना तिन्ही दिसायचे. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिच्या पुढून जाणार. तासाभरात सेक्रेटरी मगदूम खाली आले. बँकेतून रिटायर झालेले, नवीन फ्लॅट घेऊन आलेले, शिस्तीचे. म्हणाले, "आजी, इथं बसता येणार नाही."

"ही जागा कुणाची?"

"तुमचीच. पण गाडीसाठी."

"गाडी न्हाई माझ्याकडं."

"मग रिकामी ठेवायची."

"का? सोफा न्हाई म्हणून हॉल बी रिकामा ठेवू व्हय? मी ह्यात मलाच लावलंय. चाकं न्हाईत, गुडघं हाईत, ते बी गंजल्यात."

"उद्या सगळेच खुर्च्या टाकून बसतील!"

"बसू देत की. तुमी बी बसा. वर एकटं बसून काय अंडी उबवताय?"

मगदूम जैन. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं माझ्याकडं बघून मोठ्यानं विचारलं, "काय झालं? कोंबडीला काय धर्म असतोय?" मगदूम लाल होऊन वर गेले. सोसायटीचे नियम त्यांनी सगळे वाचले म्हणे. आपल्या जागेत खुर्ची ठेवू नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी जाऊन बसू लागले. जुन्या गल्लीतल्या आणखी दोघी होत्या, त्या आल्या. नवीन लोक मात्र मान खाली घालून लिफ्टकडं जायचे. आम्ही त्यांना वॉचमनच्या नात्यातल्या वाटत असणार. असा पहिला उन्हाळा आला. हौसाक्का म्हणाली, "चटणी करायची." मी म्हटलं, डंखावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, नेऊन भाजून-कांडून आणू, आता सगळे तसंच करतात. ती म्हणाली, "भाजणार मी हितंच." एका दुपारी तिनं पार्किंगमध्ये शेगडी मांडली, लोखंडी कढई ठेवली आणि मिरची टाकली. आमच्या ध्यानात आलं नाही, निदान माझ्या तरी नाही, की वारा गेटकडून आत येत होता आणि शेगडीच्या मागंच जिन्याचं तोंड होतं. तो अरुंद जिना म्हणजे धुराडंच की! सगळा खकाणा त्यानं असा ओढून घेतला की पाचव्या मजल्यापर्यंत दाराखालच्या फटीतून घरात शिरला. वर एक ठसका, मग दुसरा, मग सगळी इमारत खोकायला लागली. दारं धडाधड उघडली. काहीजण गच्चीवर पळाले, बाकीचे नाकाला टॉवेल लावून खाली. लहान मुलं, म्हातारी माणसं, रात्रपाळी करून झोपलेली एक नर्स, चष्मा पुसत एक मास्तर. या इमारतीत एवढी माणसं राहतात हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मगदूम सगळ्यात पुढं. "आजी! अहो शेजारी गाड्या आहेत, टाक्यांत पेट्रोल आहे! पेटलं म्हणजे?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या वर्षीपासून आम्ही शेगडी गेटबाहेर मांडली. पण त्या क्षणी हौसाक्कानं गॅस बंद केला, डोळ्यातलं पाणी पुसलं आणि म्हणाली, "चुकलं बघा. आता भायेर आलाईसाच, तर बसा. वर जाऊन काय खोकायचंच हाय." मगदूमांच्या मागं एक बाई तोंडाला पदर लावून उभी होती. तिला आम्ही कधी बघितलं नव्हतं. हौसाक्कानं विचारलं, "तू कोण गं?" "मी... ह्यांची मिसेस." "तुला नाव न्हाई व्हय?" "सुलोचना." "बस सुलोचना. हात रिकामं ठेवू नको, देठं काढ." ती हळूच म्हणाली, "आमच्यात कांदा-लसूण चालत नाही." हौसाक्का म्हणाली, "मग बिनकांद्याची करू. मिरची काय, सगळ्यास्नीच झोंबती." आणि खरंच तिनं मगदूमांच्यासाठी वेगळी कढई, वेगळं उलथनं घेऊन बिनकांद्याची चटणी केली. ती दरवर्षी केली. सुलोचना वहिनी त्या दिवशी ज्या बसल्या त्या आजतागायत येतात. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून लवकर उठतात, एवढंच.

तो खकाणा चुकून गेला की मुद्दाम पाठवला, हे मी तिला खूपदा विचारलं. शपथ घेऊन चुकून म्हणायची. मला ते कधी पटलं नाही. वारा कुठून येतो हे तिला पन्नास वर्षं कळत होतं, त्याच दिवशी बरं कळलं नाही?

तेव्हापासून तिचा नेम ठरला. सकाळी दुधाच्या वेळेला आणि संध्याकाळी, ती खुर्चीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायची. "एवढा उशीर का रं?" "तुझी सासू बरी हाय न्हवं?" "पावणं, कुणाकडं आलाईसा?" आणि दिवसभरात जे म्हातारं, आजारी, एकटं माणूस दिसलं नसेल त्याच्याकडं संध्याकाळी चढून जायची. जिन्यानंच. मी म्हणायची, लिफ्टनं जा की, गुडघे धरून बसशील. ती म्हणायची, "लिफ्टमधनं काय दिसतंय? आकडं. दोन, तीन, चार. माणूस दिसत न्हाई." दार हातानं नाही, बांगडीनं वाजवायची. "हाईस व्हय? बरं." एवढंच बोलून पुढं. लोकांना आधी वैताग आला. एकानं मगदूमांकडं तक्रारही केली. मग लोक असं करू लागले की तिच्या येण्याच्या वेळेला दार किलकिलं ठेवायचे, म्हणजे ती वाजवणार नाही, नुसतं डोकावून जाईल. दारं उघडली ती अशी. ते प्रेमानं झालं असं मी म्हणत नाही. पण झालं. आणि एकदा संध्याकाळी दार उघडं राहिलं की त्यातून पोरं इकडची तिकडं जातात, वाटी जाते, वाटी परत येते. पुढचं काही कुणाला शिकवावं लागलं नाही.

त्या सकाळी दूधवाला येऊन गेला आणि खुर्ची रिकामी होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि जिन्यानं चढले. तिच्या घराची किल्ली माझ्याकडं, माझी तिच्याकडं. ती स्वयंपाकघरात होती, मागून घेतलेल्या त्या मोठ्या स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून खाली बसल्यासारखी. पातेल्यात पाणी घेतलं होतं, गॅस अजून पेटवला नव्हता. हाताला ऊब होती. म्हणजे ती कुणाला न कळता पडून राहिली नाही. तेवढं तिनं आपल्यासाठीही करून ठेवलं होतं. मी तिच्याशेजारी खाली बसले. मग उठून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून खाली हाक मारली. एका हाकेत सगळे मजले आले.

तेराव्यानंतर दिलीप म्हणाला, "काकी, फ्लॅट विकायचा विचार आहे. मी काय परत येत नाही." त्याचं बरोबर आहे. पोट पुण्यात आहे. "घेणारे चांगले लोक आहेत. गाडी मोठी आहे त्यांची." मी विचारलं, "आणि हौसाक्काची जागा?" तो खाली बघत म्हणाला, "जागा फ्लॅटबरोबर जाते, काकी." तेही बरोबर. मगदूम खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "जिन्याखाली ठेवू या का? आठवण म्हणून." मी म्हटलं, "आठवण बसायला येत न्हाई. बसायला माणूस लागतं, आणि माणसाला जागा लागती."

मग मी माझं डोकं चालवलं. माझा फ्लॅट माझ्या नावावर आहे, म्हणजे पार्किंगही माझं. तिथं माझा मुलगा सुनील गाडी लावतो. तो शिरोलीला कामावर गेला होता तेव्हा मी निळी खुर्ची उचलून आमच्या जागेत मांडली आणि बसले. संध्याकाळी तो आला. हॉर्न वाजवला. मी बसून राहिले. काच खाली करून म्हणाला, "आई, ऊठ." "न्हाई." "गाडी कुठं लावू?" "रंकाळ्यावर लाव." "आई, लोक बघाल्यात!" "त्यासाठीच बसल्ये." सुलोचना वहिनींनी वरून आपली खुर्ची आणली आणि माझ्या शेजारी टाकली. नर्स पोरगी हसत हसत येऊन दुचाकीला टेकली. सुनीलनं गाडी रस्त्यावर नेऊन लावली. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवत मात्र होता.

पण माझी जागा मागच्या बाजूला, पाण्याच्या मोटारीजवळ. तिथून गेट दिसतं, पण लिफ्टही दिसत नाही आणि जिनाही नाही. माणसं नुसती पाठमोरी दिसायची. पाठीवरून कोण बरं आहे आणि कोण नाही ते काय कळणार? मी चार दिवस मान वाकडी करून बघितली. पाचव्या दिवशी मगदूम आले. त्यांची जागा पुढं, हौसाक्काच्या अगदी लगत. म्हणाले, "अदलाबदल करता येते. नियमात बसतं. मी बघितलंय." मी म्हटलं, "तुमची गाडी मागं जाईल, मोटारीचं पाणी उडंल." "उडू दे." मग थांबून म्हणाले, "माझी आईसुद्धा वर एकटीच असायची... दुसऱ्या इमारतीत." त्यांनी गाडी मागं नेली, मी खुर्ची पुढं.

आमच्या पेठेत आता एकेक गल्ली अशीच चालली आहे. नको म्हणा असं मी कुणाला सांगणार नाही. ज्यांनी अंधारात कंदील घेऊन रांग लावली नाही त्यांनी जुन्या घरांचं कौतुक आम्हाला सांगू नये. पण तुमच्याकडं बिल्डर आला आणि नकाशा भिंतीवर लागला तर एक करा. घरात किती जागा मिळते ते बघून झालं की दाराबाहेर किती उरते तेही बघा. त्या नकाशात बोट ठेवून विचारा, म्हातारी कुठं बसणार? आणि मेली तर खाली कशी येणार? कोणी हसेल. हसू दे. आम्हाला तो प्रश्न सुचला नाही, आणि ज्या आर्किटेक्टला सुचला होता त्याला आम्ही टाळ्या वाजवून गप्प केलं. पण जिना गेला म्हणून सगळं गेलं असंही नाही. गाडीएवढ्या जागेत एक बाई हट्टानं बसली तर इमारतीची गल्ली होते. हे मी बघितलंय.

संध्याकाळी मी जिन्यानं चढते. माझे गुडघे तिच्यापेक्षा बरे आहेत, बांगडी तिच्याएवढी वाजत नाही. दारं अजून किलकिली असतात. मी डोकावते, "हाईसा व्हय? बरं," म्हणते आणि पुढं जाते. तिच्या दाराला सध्या कुलूप आहे. नवीन लोक आले की त्यांचंही वाजवणार. गणपाआबाचा चंदगडहून फोन येतो. तिकडं पाऊस थांबत नाही म्हणतो, आणि फोन ठेवताना विचारतो, "खुर्ची हाय न्हवं?" मी म्हणते, हाय.

ती खुर्ची मी धुऊन घेतली. खुर्चीच्या एका हाताला, तिला खाली आणताना जिन्याच्या वळणावर भिंतीला घासल्याचा पांढरा ओरखडा आहे. तो निघत नाही आणि मी काढायच्या मागंही लागत नाही. तालमीच्या पोरांना सांगून ठेवलंय, मलाही हिच्यातूनच खाली न्या, चादरीच्या भानगडीत पडू नका. तोवर मी हिच्यावर बसणार आहे. चटणीला बसणाऱ्या जुन्या गल्लीतल्या त्या दोघींपैकी एक मागच्या वर्षी वारली, दुसरीला मुलानं नेलं. गणपाआबा जगला, पण तो चंदगडला. त्या गल्लीतून या इमारतीत आलेल्या बायकांपैकी इथं आता मी एकटी आहे.